गाडी थांबली की उतर

सप्रेम आशीर्वाद.

हिमाचलातल्या रेकाँग पिओहून काल रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी चहाच्या आधी वाचला आणि चहा झाल्यावर परत वाचला. शेवटी लिहिलंयस, "बाई, फिरणं हा माझा प्रांतच नाही बहुतेक." त्यावर मी काही बोलणार नाही. रात्री अकरानंतर, रडून झाल्यावर माणूस जे लिहितं त्यातलं निम्मं मी सोडून देते.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बोलायचंय. तुमची मिनीबस सकाळी नाकोच्या पुढे, मलिंग नाल्यापाशी दरडीमुळे अडकली. दुपार गेली, पाच वाजले, मग गाडी मागे वळवली. तुमच्या लीडरने जाहीर केलं की स्पितीतलं काझा रद्द, चंद्रताल सरोवर रद्द. त्या सात तासांबद्दल तू काय लिहिलंयस ते स्वतःच एकदा वाचून बघ. पॉवर बँक संपली. स्पीकरवर तीच ती गाणी. कुणीतरी रिफंडवरून लीडरशी हमरीतुमरीवर आलं. पुढच्या सीटवरच्या दोघींचं वाजलं. रेंज नव्हती. बाकीचे सगळे मजेत आणि तुलाच कसंतरी होत होतं. सगळं आतलं. बाहेरची म्हणून एकच ओळ आहे: नाल्याच्या पलीकडे मटाराची पोती भरलेली पिकअप उभी होती आणि तिचा माणूस सारखा पोत्यात हात घालून बघत होता.

तुझ्या अख्ख्या मेसेजात तेवढी एक ओळ माझ्या कामाची निघाली. आणि तीही तू काचेतून बघितलेली. म्हणजे सात तास गाडी उभी होती आणि तू उतरली नाहीस! अगं, का?

माझं एवढंच म्हणणं आहे आणि पुढे पत्रभर मी तेच म्हणणार आहे, तेव्हा कंटाळा येणार असेल तर इथेच थांब. गाडी थांबली की उतरायचं. यात काही गहन बिहन नाही. जगण्याचं सूत्र वगैरे म्हणून ते स्टेटसला टाकू नकोस. दार सरकवायचं, पायरीवर पाय ठेवायचा आणि खाली यायचं. दोन मिनिटं थांबली तर दोन मिनिटं, सात तास थांबली तर सात तास.

तो मटारवाला का पोत्यात हात घालत होता, विचारलंस कुणाला? हिरवा मटार हे स्पितीचं नगदी पीक. सहा महिने बर्फाखाली असलेल्या त्या खोऱ्यात वर्षाचा पैसा येतो तो बराचसा ह्या एका पिकातून, आणि ते निघतं नेमकं ह्याच दिवसांत, म्हणजे रस्ते सगळ्यात वाईट असतात तेव्हा. पोत्यात कोंडलेला मटार तापतो. तापला की पिवळा पडतो, मग बाजारात त्याला कोण विचारतो? तो माणूस हात घालून उष्णता बघत होता. तुमचं चंद्रताल गेलं, त्याचं काय जात होतं ते त्याच्या बोटांना कळत होतं. तुझं दुःख लहान आहे असं मी म्हणत नाहीये, तसलं बोलणं मला आवडत नाही. मी म्हणतेय की नाल्याच्या अलीकडेही त्याच्यासारखी माणसं असणारच. शाल्खरची, चांगोची, घरी निघालेली. ती रस्त्याच्या कडेला बसून वाट बघत असणार. त्यांच्याशी बोलायला फक्त उतरावं लागतं.

आणि रस्ता! भूगोलाला तुला पैकीच्या पैकी मिळायचे, म्हणून जास्त चीड येते. "दरड कोसळली त्यामुळे स्पिती बघता आली नाही," असं लिहितेस. अगं, ती दरडच स्पिती आहे. तिथे मोसमी पाऊस फारसा पोचत नाही, झाडोरा नाही, मुळं नाहीत, नुसता मुरूम, गाळ आणि धोंडे एकावर एक टेकून उभे आहेत. त्या उतारांवरून पूर्वी एवढाली दरड आली की नदीच अडली, सरोवरं झाली, आणि ती रिकामी झाल्यावर त्यांच्या तळाचा गाळ मागे राहिला. ते पिवळट राखाडी बारीक थर आजही खोऱ्यात जागोजागी दिसतात. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपात कितीतरी कडे खाली आले, ताबोच्या जुन्या बौद्ध मठाला तडे गेले. २००५ साली तिबेटात पारेचू नदीवर दरडीने तयार झालेलं सरोवर फुटलं, तर खाली सतलजपर्यंत पूल वाहून गेले. ज्या गोष्टीने ते खोरं घडलंय ती तुझ्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि तू लॉक स्क्रीन बघत होतीस.

उतरली असतीस तर आणखी एक गोष्ट कळली असती. असे नाले सकाळी बारीक असतात आणि दुपारी फुगतात, कारण ऊन वर चढलं की वरचं बर्फ वितळतं. म्हणून तिकडचे ड्रायव्हर नाला सकाळी पार करायला बघतात आणि दुपारी अडकले तर मुकाट बसतात. तुमच्या गाडीत लीडरवर ओरडणाऱ्याला हे ठाऊक असतं तर तो दोनच्या सुमारास "आता तरी काढा" म्हणून ओरडला नसता. जेसीबीवाल्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या त्या माणसांना तिकडे सगळे ग्रेफवाले म्हणतात. त्यांच्या हाताखाली खडी उचलणारी माणसं पुष्कळदा झारखंडातून आलेली असतात. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर, पायात साधे गमबूट, पत्र्याच्या डब्यात उकळलेला काळा चहा. मागितलास तर देतात. मी प्यायलेय.

आता, उतर म्हणजे दरडीखाली जाऊन रील काढ असं नव्हे. हे लिहावं लागू नये, पण लिहिते. २५ जुलै २०२१ ला किन्नौरमधल्या सांगल्याजवळ बटसेरीला पर्यटकांच्या गाडीवर वरून धोंडे आले आणि नऊ जण गेले. त्यानंतर तीन आठवडे व्हायच्या आत, ११ ऑगस्टला, निगुलसरीला सरकारी बस आणि इतर गाड्या दरडीखाली गाडल्या गेल्या, अठ्ठावीस माणसं गेली. तेव्हा तुमच्या लीडरने गाडी मागे वळवली याबद्दल मी त्याला एक अक्षर बोलणार नाही. पोरगा असेल विशीतला, पण तेवढी अक्कल त्याला होती. उतरल्यावर ड्रायव्हर जिथे जाऊन उभा राहतो तिथे उभं राहायचं. तो वर बघत असेल तर आपणही वर बघायचं. तो पळाला तर पळायचं, मागे सॅक राहिली तर राहू दे.

सॅकवरून आठवलं. ही तुमची "बॅकपॅकिंग ट्रिप". पाठीवर घ्यायची सॅक अख्खा प्रवासभर टपावर ताडपत्रीखाली बांधलेली असते, मग बॅकपॅकिंग कसलं? दिल्लीहून रात्रीची व्होल्वो, शिमल्याहून मिनीबस, चितकुल, काल्पा, नाको, ताबो, काझा, चंद्रताल, मनाली, परत व्होल्वो, सोमवारी सकाळी ऑफिस. शिमला ते काझाच सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथले किलोमीटर आपल्या सांगली-कोल्हापूरसारखे नसतात. वर ऑगस्ट महिना, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या! ह्या वेळापत्रकात एकही दिवस मोकळा नव्हता, म्हणून एक दरड आली आणि सगळंच कोसळलं. पण ते जाऊ दे. वेळापत्रक वाईट होतं हे कळायला माझी गरज नाही. वाईट वेळापत्रकातही गाडी थांबतेच, आणि थांबली की काय करायचं हे माणसाच्या हातात असतं.

आम्हीही असेच गेलो होतो एका नावाजलेल्या कंपनीबरोबर. नव्वदचं दशक होतं, मोबाइल नव्हते. पिओहून निघालो आणि स्पीलोला गाडी थांबली, पुढे रस्ता बंद. सतलजच्या काठाला चार ढाबे, दोन दुकानं, एवढंच गाव रस्त्यावरून दिसायचं. गाडीत लगेच सुरू झालं. जेवणाचं काय, श्रीखंड देणार होते त्याचं काय, पैसे भरलेत आम्ही. हे पण त्यात होते. मी उतरले. ढाब्यावर एक म्हातारी चिलगोजे, म्हणजे तिकडच्या पाइनच्या बिया, दाताने फोडून खात बसली होती, तिच्या शेजारी जाऊन टेकले. तिला हिंदी थोडं येत होतं. ती वरच्या कानम गावची. म्हणाली, रस्ता उद्याशिवाय उघडत नाही, माझी गाडी आली की चल घरी, चुल्ली वाळत घातल्यात. चुल्ली म्हणजे तिकडचे जंगली जर्दाळू.

मी गाडीत जाऊन ह्यांना सांगितलं. व्यवस्थापकाला चिठ्ठी लिहून दिली, खाली सही, तारीख. आणि गेले.

कानममधली ती संध्याकाळ तुला नुसती "छान होती" म्हणून सांगणार नाही. तिच्या मातीच्या गच्चीवर केशरी जर्दाळूंचा सडा पडला होता. ती आणि तिची सून दोन्ही अंगठ्यांनी फळ उघडायच्या, गर एका बाजूला उपडा टाकायच्या, आणि बी वेगळ्या डब्यात. बी का ठेवता विचारलं तर आत जाऊन बाटली घेऊन आली. बियांतल्या गराचं तेल काढतात, गुडघ्यांना लावतात, केसांना लावतात, खातातही. माझ्याही पुढे ढीग ठेवला. माझे अंगठे चुकत होते, फळ चिरडायचं, सून हसायची. अंधार पडेपर्यंत नखं चिकट झाली आणि पिवळी पडली, ती पुढे कितीतरी दिवस तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने गावातला मठ दाखवला. तिथे कळलं की १८२७ ते १८३० या काळात एक हंगेरियन माणूस ह्या गावात राहिला होता, अलेक्झांडर चोमा द कोरोश. निघाला होता आपल्या लोकांचं मूळ शोधायला मध्य आशियात, यारकंदकडे. रस्ते बंद. लडाखमधून पुढे जाता येईना. शेवटी तिबेटी भाषा शिकत बसला, कानमच्या थंडीत एका लामांबरोबर कोश रचत राहिला, आणि १८३४ मध्ये कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापून निघाला. यारकंदला तो कधीच पोचला नाही. ल्हासाला निघाला तर वाटेत दार्जिलिंगला तापाने गेला. आता लगेच यातून बोध काढून मला हार्ट पाठवू नकोस. मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी की गाडीत श्रीखंडावरून भांडणाऱ्या चाळीस माणसांना हा माणूस कधी होऊन गेला हेही कळलं नाही, आणि तो होता अगदी डोक्यावर, डोंगराच्या त्याच कुशीत.

आता पुढचं तुला कुणीतरी सांगितलं असेलच, बहुधा तुझ्या आईनेच, की बाई आजारी नवऱ्याला टाकून डोंगरात निघून गेल्या. तसं नव्हतं. मला माहीत आहे हे माझ्या उतारवयात का उगाळते असं सगळ्यांना वाटतं, पण एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. ह्यांचं डोकं दुखलं हे खरं आहे. पण ते दुखलं ताबोला, म्हणजे मी उतरल्यानंतर. रस्ता त्याच संध्याकाळी उघडला आणि गाडी पुढे गेली, हा माझा दोष नाही. म्हातारी उद्या म्हणाली होती. स्पीलोला हे फक्त "जरा जड वाटतंय" एवढंच म्हणाले होते, आणि ते सांगलीतही दर रविवारी जेवणानंतर म्हणतात. ग्रुपमध्ये मिरजेचे एक डॉक्टर होते, त्यांच्या कानावर मी घातलं होतं. आणि मुख्य म्हणजे बायको जवळ नसल्याने डोकं दुखत नाही, उंचीने दुखतं. स्पीलोपासून ताबोपर्यंत गाडी जवळजवळ हजार मीटर चढते, मध्ये नाकोला त्याहूनही वर जाते. हे जर माझ्याबरोबर उतरले असते तर दुखलंच नसतं! हे साधं गणित माझ्या सासरी आजतागायत कुणाला पटलेलं नाही.

खरी खंत मला वेगळ्याच गोष्टीची आहे. कानमहून खाली येऊन मी सरकारी बस पकडली. मलिंगला दरडीवरून सामान डोक्यावर घेऊन चालत पलीकडे गेलो, पलीकडे दुसरी बस उभी होती. तेव्हा ते नेहमीचंच होतं, कुणी आरडाओरडा करत नव्हतं. संध्याकाळकडे बस ताबोला थांबली. कंडक्टर म्हणाला, चहा पिऊन घ्या. रस्त्यावरून मठाच्या मातीच्या भिंती दिसत होत्या. इ. स. ९९६ चा मठ. आत अंधारात हजार वर्षांची भित्तिचित्रं आणि मातीच्या मूर्ती, आणि मी सीटवर बसून राहिले. उशीर झालाय, हे काळजीत असतील, ग्रुपमध्ये काय काय बोलत असतील, हेच डोक्यात. ती बस सोडली असती तर रात्र काढायला मठ होता, गाव होतं. आदल्या दिवशी मी एवढी शहाणी होते आणि त्या दिवशी लोकांना घाबरून बसून राहिले. काझाला पोचले तर हे हॉटेलच्या गच्चीवर पत्ते खेळत होते. डोकं थांबलेलं.

भूगोलाच्या तासाला मी ताबोबद्दल किती रंगवून सांगायचे, तुझ्या तुकडीलाही सांगितलंय. ते सगळं न बघता सांगत होते. आता गुडघे त्या रस्त्याला तयार नाहीत. तेव्हा मला चंद्रताल, चंद्रताल करू नकोस. मीही चंद्रताल बघितलेलं नाही आणि त्याचं मला काडीचं वाटत नाही. ताबोला उतरले नाही याचं वाटतं.

तुझ्या प्रश्नाकडे येते. ग्रुप उद्या सांगल्याला जाणार, जाऊ की परत येऊ, असं विचारलंयस. परत येऊ नकोस. ग्रुपबरोबर जायचं तर जा, पण बाकीचे मजेत असतात आणि मलाच काही होत नाही हे रडगाणं बंद कर. ते मजेत आहेत की स्पीकर मोठा आहे, हे तुला काय माहीत? आणि नसेल जायचं तर पिओतच उतर. तुझ्याकडे चार दिवस आहेत. पाऊस असेल तर पिओतच राहा, बाजार बघ, वर काल्पाला जा, दरवाजाबाहेर किन्नर कैलास आहे, ढग हटायची वाट बघ. पाऊस नसेल आणि स्टँडवर रस्ता चालू असल्याचं सांगितलं, तर स्पीलोपर्यंत जा आणि कानमला जायला काही मिळतं का विचार. कदाचित मिळणार नाही. मग स्पीलोला बस. काझाच्या मागे आता लागू नकोस, चार दिवसांत जाऊन परत यायच्या नादात पुन्हा तेच होईल.

ग्रुप सोडणार असशील तर लीडरला लेखी कळव, मेसेज चालेल, "मी स्वतःच्या इच्छेने" हे शब्द घाल. त्या पोराच्या गळ्यात उगाच जबाबदारी नको. रोख पैसे पिओतच काढून घे. राहायचं ठिकाण उजेड असताना ठरव, आणि घरात बायका आहेत ना ते बघून ठरव. रिफंडचं काय करायचं ते मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही, आणि त्या पैशासाठी भांडण्यात आणखी एक दिवस घालवणार असशील तर मला सांगूही नकोस.

आईला काय ठरवलंस ते तूच सांग. मी मध्ये पडणार नाही. तिचा फोन आलाच तर मी म्हणेन मला काही माहीत नाही, आणि हे आतल्या खोलीतून ओरडतील, हिनेच शिकवलं असणार.

तुझ्या बाई